नवं सॉफ्टवेअर आणि पखवाजाच्या मागे पडणारं गाणं

गाताना सगळं ठीक असतं. हेडफोनमध्ये पखवाज आणि गळा एकमेकांना धरून चाललेले असतात. रेकॉर्डिंग थांबवून परत लावलं की गाणं प्रत्येक समेला जरासं उशिरा येतं. इतकं थोडं, की आधी वाटतं गाणाराच रेंगाळला. पुन्हा गाऊन घेतलं तरी तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि नेमकं तेवढंच. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदलल्यावर हा त्रास झालेले चार जण मला गेल्या काही महिन्यांत भेटले. चौघांनीही मधल्या काळात गाणाऱ्याला दोष दिला होता. मीही दिला, तोही माझ्या सख्ख्या आत्याला. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. २०१७ साली त्यांच्याकडून अकरा अभंगांची नुसती पेटी मी घरीच रेकॉर्ड करून घेतली होती. बाबा आता नाहीत. यंदा आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वाईहून आली आणि महिनाभर आमच्याकडे राहिली. दादाच्या पेटीवर एकदा गायचं, हे तिच्याही मनात होतं आणि माझ्याही. मंडळातले पखवाजवाले काका परळला राहतात. त्यांनी पेटी ऐकत ऐकत पखवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. राहिला होता फक्त आत्याचा आवाज.

अडचण अशी, की बाबांची पेटी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते नव्या कॉम्प्युटरवर सुरूच होईना. त्याचा परवाना जुन्या मशीनला बांधलेला होता. जुना पीसी अजून चालू होता, म्हणून निभावलं. मी रीपर घेतलं. ज्या जस्टिन फ्रँकेलनं विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्रॅम केला, त्याच्याच कंपनीचं हे सॉफ्टवेअर. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरला आहे. माझ्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्याला ते पुरून उरतं. खाली मेनूंची नावं रीपरची दिली आहेत, पण दुखणं आणि उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहेत.

मुद्दा एकच आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आपण वर्षानुवर्षं काम करतो तेव्हा काही सेटिंगं कधीतरी एकदा लावून विसरून गेलेलो असतो. ती आपल्या डोक्यात नसतात, जुन्या सॉफ्टवेअरच्या पोटात असतात. नव्याला ती कोणीतरी सांगावी लागतात.

उशीर नेमका कुठे होतोय

“लेट येतंय” या एका तक्रारीत चार निरनिराळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. बहुतेक जण इथेच चुकतात. कोणीतरी सांगतं बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी कॉम्प्युटर तो साठवतो तो कप्पा) कमी कर, मग बफर कमी केला जातो, आवाज चरचरायला लागतो आणि उशीर होता तिथेच राहतो.

गाताना स्वतःचाच आवाज कानात उशिरा येत असेल, तर दोष बफरचा आहे. आवाज कॉम्प्युटरमध्ये शिरून परत हेडफोनपर्यंत यायला वेळ लागतोय. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला हजारो ठिपके घेतो, ते सॅम्पल, आणि सेकंदाला किती घेतो तो सॅम्पल रेट. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार ठिपक्यांना, ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद, आणि तो आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा असा दोनदा मोजावा लागतो. १२८ ला हाच आकडा २.७ वर येतो. गाऊन घेताना १२८, मिक्स करताना १०२४, एवढं लक्षात ठेवलं तर चालतं. इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते वापरा, आवाज कॉम्प्युटरात न जाता थेट कानात येतो. मात्र त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंग (गातानाच आवाज परत कानात पाठवणं) बंद ठेवा, नाहीतर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो आणि तो बिचकतो.

गाताना ठीक आणि परत ऐकताना सारखंच उशिरा, हे दुसरं दुखणं. आमचं हेच होतं. त्याच्यावर पुढे सविस्तर लिहितो.

तिसरं असं, की सुरुवात जुळते आणि मग हळूहळू सुटत जातं. काकांचा पखवाज फोनवर रेकॉर्ड झालेला, पेटी कॉम्प्युटरवर. दोन्ही यंत्रांची घड्याळं वेगळी. दहा लाखांत पन्नासाचा फरक असला, तरी पाच मिनिटांच्या अभंगात शेवटाला १५ मिलिसेकंद साचतात. एवढं असेल तर कडव्यांच्या मधल्या मोकळ्या जागी ट्रॅक कापून थोडा सरकवला की काम होतं. शेवटाला अर्धा सेकंद सुटत असेल, तर तो घड्याळांचा फरक नाही, टेम्पोचा किंवा सॅम्पल रेटचा घोळ आहे.

चौथ्यात आवाजाची पट्टीच बदललेली असते.

दुसरं आणि तिसरं वेगळं ओळखायची सोपी रीत: अभंगाची पहिली सम आणि शेवटची सम, दोन्ही ठिकाणी वेव्हफॉर्म मोठा करून बघा. दोन्हीकडे फरक तेवढाच भरला तर दुसरं, वाढत गेला तर तिसरं. मी हे पहिल्याच रात्री करायला हवं होतं. त्याऐवजी आत्याला चार वेळा गायला लावलं. चौथ्या वेळी ती हेडफोन काढून म्हणाली, “अरे बाळा, मी समेवरच येतेय. हात मांडीवर पडतोय बघ माझा.” तिचा हात खरोखर समेवर पडत होता, मी बघितलं होतं. तिथेच कळायला हवं होतं, की चूक गळ्यात नाही.

तो उशीर येतो कुठून

आपण गातो ते कानात येणाऱ्या पेटीला धरून. पण ती पेटी कॉम्प्युटरमधून निघून कानापर्यंत यायला काही मिलिसेकंद लागलेले असतात. मग आपला आवाज माइकमधून आत जायला आणखी काही. म्हणजे गाणारा अगदी काटेकोर गायला, तरी कॉम्प्युटरच्या हिशेबात त्याचा आवाज या दोन्हींच्या बेरजेइतका उशिरा पोचतो. प्रत्येक सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग संपल्यावर ही बेरीज वजा करून आवाज तेवढा अलीकडे ओढून ठेवतं. ते आपल्याला दिसत नाही. ही बेरीज त्याला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरफेस यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम, सांगतो. ड्रायव्हरनं चुकीचा आकडा सांगितला, किंवा सांगितलाच नाही, तर तेवढा आवाज कायमचा मागे राहतो.

आमच्याकडे तो ४० मिलिसेकंद मागे होता. ऐकायला क्षुल्लक वाटतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० मिलिसेकंदांत जवळजवळ १४ मीटर. पखवाजी मांडवाच्या एका टोकाला आणि गाणारी १४ मीटरवर दुसऱ्या टोकाला, असं ते झालं. भजनी ठेक्यात लय चढून १६० वर गेली की एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची होते, तिचा नववा हिस्सा गाणं मागे. कान हे पकडतोच.

विंडोजवर इथे कळीचा मुद्दा ड्रायव्हरचा प्रकार. एसिओ नावाची पद्धत हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली काढली. तिच्यात आवाज विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरला वळसा घालून थेट इंटरफेसकडे जातो, आणि लॅटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आकडा बराचसा खरा मिळतो. विंडोजच्या मिक्सरमधून जाणाऱ्या वासापी शेअर्ड किंवा डायरेक्टसाउंड प्रकारात मध्ये आणखी एक थांबा येतो, आणि त्याचा आकडा सॉफ्टवेअरपर्यंत नीट पोचेल याचा भरवसा नसतो. रीपरमध्ये कंट्रोल आणि पी दाबलं की प्रेफरन्सेस उघडतात. तिथे ऑडिओ, मग डिव्हाइस. सगळ्यात वर ऑडिओ सिस्टिम म्हणून यादी आहे. तिथे एसिओ निवडा आणि त्याखाली तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. नुसती यूएसबी लावल्यावर विंडोज जो आपणहून बसवतं तो हा नव्हे. इंटरफेसच नसेल, लॅपटॉपच्या साउंडवरच काम चालू असेल, तर एसिओ फॉर ऑल हा फुकट ड्रायव्हर आहे, त्यानं बऱ्यापैकी भागतं.

आणि ब्लूटूथचे इअरफोन रेकॉर्डिंगला वापरू नका. त्यातला उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो, तो कुठल्याच सेटिंगनं आटोक्यात येत नाही. वायरचा साधा हेडफोन त्यापेक्षा बरा.

दुरुस्त केलं तरी परत का यायचं

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एसिओ लावला, उशीर गेला, तीन अभंग नीट झाले. चौथ्या दिवशी परत तोच उशीर. परत लावला, परत गेला. आठवडाभरानं परत आला. मला वाटायला लागलं, की विंडोजचं अपडेट काहीतरी उलटंपालटं करतंय.

कारण घरातच होतं. आत्याला एखाद्या अभंगाची चाल नीट आठवली नाही, की आम्ही यूट्यूबवर तो लावून ऐकायचो. रीपर चालू असताना यूट्यूबचा आवाजच यायचा नाही. माझ्या इंटरफेसचा एसिओ ड्रायव्हर एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला जागा देतो, बाकीच्यांना बाहेर ठेवतो. मग यूट्यूब ऐकू यावं म्हणून मी डिव्हाइसमध्ये जाऊन वासापी शेअर्ड करायचो. दोन्ही चालायला लागायचे. चाल ऐकून झाली की आत्या लगेच म्हणायची, “हं, आता घे.” आणि मी लगेच घ्यायचो. एसिओ परत लावायचं राहून जायचं. प्रत्येक वेळी हाच क्रम. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे कधी झालं नाही, कारण त्यात एक खूण आधीपासून केलेली होती: सॉफ्टवेअर मागे गेलं की आवाजाचं यंत्र मोकळं करून दे.

रीपरमध्येही तीच सोय आहे. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ या पानावर, प्ले थांबलेलं असताना आणि दुसरी खिडकी पुढे असताना ऑडिओ डिव्हाइस बंद करण्याचा पर्याय आहे. त्यावर खूण करा. आता ब्राउझरवर गेलं की यूट्यूब वाजतं, रीपरवर परत आलं की एसिओ परत मिळतो, आणि ड्रायव्हर बदलायची वेळच येत नाही. यूट्यूब मात्र थांबवून मगच रीपरकडे या, नाहीतर रीपर यंत्र उघडता येत नाही म्हणून कुरकुरतं. त्या दिवसापासून हा त्रास एकदाही झालेला नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. रीपरच्या खिडकीत वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ असते. तिच्यात सॅम्पल रेट, बफर, दोन्हीकडची लॅटन्सी आणि ड्रायव्हरचा प्रकार लिहिलेला असतो. लाल बटण दाबायच्या आधी त्या ओळीकडे एकदा बघायचं. काका पखवाज वाजवण्याआधी उजवीकडची शाई आणि डावीकडची कणीक तपासतात, बोट फिरवून. तेवढाच वेळ याला लागतो.

उरलेला फरक मोजणं

एसिओ लावल्यावरही थोडा फरक राहू शकतो, कारण इंटरफेसमध्ये आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा आवाज करायला जो वेळ जातो तो सगळेच ड्रायव्हर धरून चालत नाहीत. तो अंदाजानं ठरवू नका, मोजा. त्याला एक वायर लागते. दोन्ही टोकांना जाड पिन असलेली, जिला आपल्याकडे साउंडवाले पी-३८ म्हणतात. माझ्याकडे नव्हती, लॅमिंग्टन रोडवरून आणली. दुकानदाराला “पी-३८ टू पी-३८, एक मीटर” एवढंच सांगायचं.

आता स्पीकर बंद करा, हेडफोन कानातून काढून ठेवा. इंटरफेसच्या मागच्या लाइन आउटमधून वायर काढून पुढच्या इनपुटमध्ये लावा. तो इनपुट माइकवर नाही, लाइनवर ठेवा, फँटम पॉवर (माइकला वीज देणारं बटण) बंद, गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) अगदी खाली. रीपरमध्ये एक ट्रॅक घेऊन त्यावर क्लिकची एखादी छोटी फाइल ठेवा, नुसती टक्‌ असली तरी पुरे. दुसरा ट्रॅक रेकॉर्डला लावा आणि त्याचं मॉनिटरिंग बंद आहे ना ते दोनदा बघा. ते चालू राहिलं तर आवाज गोल गोल फिरून किंकाळी फोडतो. डायरेक्ट मॉनिटरचं बटणही बंद. मग रेकॉर्ड करा, पाच सेकंद पुरेत.

दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून मोठे करत जा, एकेक सॅम्पलचा ठिपका दिसेपर्यंत. वरची टक्‌ जिथे उठते आणि खालची जिथे उठते, त्यांतलं अंतर सॅम्पलमध्ये वाचा. वासापीवर आमचं अंतर १,९२० सॅम्पल होतं, ४८ किलोहर्ट्झला बरोबर ४० मिलिसेकंद. एसिओवर उरले ६७, म्हणजे १.४ मिलिसेकंद. हा उरलेला आकडा प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली रेकॉर्डिंग या पानावर ऑफसेटच्या चौकटीत भरायचा. ड्रायव्हरनं सांगितलेली लॅटन्सी वापरण्याच्या पर्यायावर खूण तशीच राहू द्या. परत मोजा. आकडा वाढला तर चिन्ह उलटं घाला. एखाददुसरा सॅम्पल राहिला तर सोडून द्या.

१.४ मिलिसेकंद कोणाला कळत नाहीत, हे खरं. तरी मी भरले, कारण एकावर एक दहा ट्रॅक त्याच पद्धतीनं चढवले की टाळ आणि चिपळ्यांच्या टोकदार आवाजात ते जाणवायला लागतात. बफर किंवा यूएसबीचं पोर्ट बदललं तर एकदा परत मोजून बघा. पोर्ट बदललं की विंडोज कधीकधी इंटरफेसला नवीनच यंत्र समजतं.

“ही दादाची पेटी नव्हे”

आता चौथं दुखणं. रीपर घेण्याआधी मी आठवडाभर दुसरं एक सॉफ्टवेअर चाचणीला लावलं होतं. बाबांची पेटी ४४.१ किलोहर्ट्झला रेकॉर्ड झालेली. नवा प्रोजेक्ट मी ४८ चा उघडला, कारण काकांचा फोन ४८ ला रेकॉर्ड करतो. फाइल आत घेताना सॉफ्टवेअरनं विचारलं, सॅम्पल रेट जुळवून घेऊ का. मूळ फाइलला हात लागू नये म्हणून मी नाही म्हटलं.

आत्या सोफ्यावर बसली होती. पेटीचे पहिले चार स्वर झाले आणि ती म्हणाली, “ही दादाची पेटी नव्हे.”

मी म्हटलं, “आत्या, त्याचीच आहे गं. मीच तर रेकॉर्ड केलीय.”

“दादा माझ्यासाठी काळी चार धरायचा. नेहमी. हे वर गेलंय. काळी पाचलाही नाही, तिच्या अलीकडं कुठंतरी लोंबकळतंय.”

तिचा कान किती बरोबर होता ते नंतर हिशेब करून बघितलं. ४४.१ ची फाइल न बदलता ४८ च्या वेगानं वाजली, की पट्टी सुमारे दीड पायरी वर जाते (पेटीवर काळी-पांढरी धरून लागोपाठच्या दोन स्वरांतलं अंतर म्हणजे एक पायरी). काळी चारपासून दीड पायरी वर म्हणजे पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या अगदी मध्ये. पेटीवर जो स्वरच नाही, तिथे. लयही तेवढीच वाढते. चार मिनिटांचा अभंग ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतो. उलट झालं, म्हणजे ४८ ची फाइल ४४.१ ला वाजली, तर तोच अभंग ४ मिनिटं २१ सेकंदांचा होतो आणि पट्टी तेवढीच खाली येते.

म्हणून पट्टी वर-खाली झाली आणि तो फरक सव्वा नाही, दोन नाही, साधारण दीड पायरीचा आहे असं दिसलं, तर दुसरीकडे कुठेही शोधत बसू नका, सॅम्पल रेट बघा. विचारलं तर जुळवून घ्यायला हो म्हणा, मूळ फाइल त्यानं बिघडत नाही, सॉफ्टवेअर प्रत करून घेतं. रीपर फाइल वाजवताना आपणहून जुळवून घेतं, विचारत नाही. पण प्रोजेक्टचा रेट पक्का केलेला नसेल तर तो इंटरफेसचा जो काही चालू असेल तो धरतो, आणि सकाळी कुणी व्हिडिओ कॉल केला असेल तर तो रेट बदललेला असू शकतो. अल्ट आणि एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा, प्रोजेक्ट सॅम्पल रेटवर खूण करून आकडा घाला आणि तेच सेटिंग पुढच्या प्रोजेक्टांसाठी डिफॉल्ट म्हणून ठेवा. विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनलमध्ये इंटरफेसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिथला डिफॉल्ट फॉरमॅटही तोच करा, प्ले आणि रेकॉर्ड दोन्हीकडचा.

जुन्यातून सामान काढताना

प्रोजेक्ट फाइल एका सॉफ्टवेअरची दुसऱ्यात उघडेल या आशेवर राहू नका. डॉप्रोजेक्ट नावाचं एक खुलं फॉरमॅट २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी काढलंय, पण ते दोन्ही बाजूंना चालत असेल तरच उपयोगाचं. खात्रीचा मार्ग जुनाच आहे. प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा, २४ बिट, मूळ सॅम्पल रेटला, आणि सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होणाऱ्या. पखवाज तिसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी त्याची फाइल शून्यापासूनच, आधीची शांतता धरून. मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली शून्यावर ठेवल्या की आपोआप जुळतात. ४४.१ ला एका मोनो ट्रॅकचं मिनिटाला ८ एमबीच्या आसपास होतं, जागेची काळजी करायचं कारण नाही. शक्य असेल तर इफेक्टसह एकदा आणि इफेक्टशिवाय एकदा काढा. ज्या रिव्हर्बवर (आवाज घुमवणारा इफेक्ट) बाबांनी स्वतः बसून मान हलवली होती, तो प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादा तुकडा) नव्या मशीनवर नाही, आणि आता मिळतही नाही. इफेक्टसह काढलेल्या फाइलीत तो जसाच्या तसा राहिला. कीबोर्डवर वाजवलेलं असेल तर मिडी फाइलही, म्हणजे कुठला स्वर कधी दाबला याची नोंद, काढा. मिडी ही पद्धत १९८३ पासूनची आहे, ती बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरांना वाचता येते.

प्लगइन दिसत नसतील, तर आधी ते ३२ बिटचे आहेत का बघा, मग व्हीएसटी २ (प्लगइनचा एक जुना प्रकार) चे आहेत का. स्टाइनबर्गनं व्हीएसटी २ चे नवे परवाने २०१८ मध्ये थांबवले आणि काही सॉफ्टवेअरांनी त्याची साथ सोडलीय. रीपरमध्ये ते अजून चालतात.

टेम्पोचा एक सापळा मात्र सांगितलाच पाहिजे. रीपर नवा प्रोजेक्ट १२० ला उघडतं आणि त्यातल्या फाइली मूळ सेटिंगनुसार टेम्पोला बांधलेल्या असतात. फाइली आधी आत आणल्या आणि मग टेम्पो १२० चा ९६ केला, तर चार मिनिटांची पेटी पाच मिनिटांची होते. पट्टी तीच राहते, म्हणून काय झालं ते लवकर लक्षातच येत नाही. भजन क्लिकवर, म्हणजे ठरावीक लयीच्या टकटकीवर, वाजवलेलं नसतं, त्याला टेम्पोला बांधायचं कारणच नाही. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस आहे, तो बीट्सवरून टाइमवर आणा, आणि हे फाइली आणायच्या आधी करा.

सगळं जुळलं तरी मिक्स पूर्वीसारखं वाटेना, मधले आवाज उगाच पुढे आलेले वाटले, तर तो पॅन लॉचा फरक असतो. काही सॉफ्टवेअर मधोमध ठेवलेला मोनो आवाज तीन डेसिबलनं खाली घेतात, रीपर मूळ सेटिंगवर घेत नाही. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये तो आकडा बदलता येतो.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये गुणगुण यायला लागली, असंही दोघांनी सांगितलं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेली तर ती घरातल्या अर्थिंगची आहे, ५० हर्ट्झची. जुन्या चाळींत आणि बिल्डिंगींत दोन पिनांच्या सॉकेटवर हे नेहमीचं आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉफ्टवेअरात त्याचा इलाज नाही.

आधी झालेल्या रेकॉर्डिंगचं काय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. ड्रायव्हरचं कारण सापडलं तेव्हा आत्या वाईला परत गेली होती. अकरापैकी पाच अभंग उशीर धरूनच रेकॉर्ड झाले होते. तिला परत बोलवायचं म्हणजे डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला पुन्हा एसटीचा प्रवास.

गरज पडली नाही. उशीर सारखाच असेल तर तो नुसता सरकवून दुरुस्त होतो, आवाजाला धक्काही लागत नाही. ज्या सेटिंगवर ते रेकॉर्डिंग झालं होतं, तेच सेटिंग परत लावलं: वासापी शेअर्ड, तोच बफर, तोच रेट. वायर लावून तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा १,९२० च्या आगेमागेच, दहाबारा सॅम्पलच्या आत. मग पाचही अभंगांत आत्याचा ट्रॅक ४० मिलिसेकंद अलीकडे ओढला. हे ट्रॅकच्या राउटिंगच्या खिडकीत मीडिया प्लेबॅक ऑफसेट म्हणून देता येतं, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग जागचं हलत नाही आणि चुकलं तर आकडा पुसला की झालं. मोजायच्या आधी सेटिंग मात्र तेव्हाचंच हवं. आजच्या सेटिंगवर मोजून कालचं रेकॉर्डिंग सरकवू नका.

रात्री अकरानंतर, हायवेचा आवाज जरा उतरल्यावर, पाचवा अभंग लावला. दुसऱ्या कडव्यात ती सम घेते तिथे मागे एक बारीक थाप ऐकू येते. आधी मला ती पखवाजाची वाटायची. पखवाज बंद करून ऐकलं. तिच्या मांडीवर पडलेला तिचा हात आहे तो. आता तो काकांच्या ‘धा’वर अचूक पडतो.